पाटीवरची सरस्वती: घरी पहिल्यांदा पूजा मांडणाऱ्यांसाठी

दसऱ्याच्या आधी आठ-दहा दिवस कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी कुणी ना कुणी विचारायला येतंच. कधी वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेलं जोडपं असतं, त्यांचं पोर यंदा पहिलीत गेलेलं. कधी गारगोटी-चंदगडकडून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला येऊन खोलीवर राहणारी मुलं. "बाई, सरस्वतीची पूजा करायची आहे. गावाकडं आजी मांडायची, आम्ही नुसती फुलं वाहायचो. आता नेमकं करायचं काय?" मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, दर वर्षी वर्गात पाटीपूजन घेतलं, म्हणून माझ्याकडं येतात. तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा या खेपेला लिहूनच काढलं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. या पूजेला मूर्ती नसली तरी अडत नाही, भटजी नसले तरी अडत नाही, चांदीची भांडी तर लागतच नाहीत. पुस्तक किंवा पाटी मात्र हवी. जिथं वाचणं-लिहिणं चालतं तिथं सरस्वती असते, असं आमची आई सांगायची. ती स्वतः चौथीपर्यंत शिकली होती आणि दसऱ्याला आमच्या वह्या पाटावर ठेवताना डोक्याला लावून ठेवायची. मी तेवढंच धरून चालते. बाकीची हौस जरूर करा, पण हौसेचं सामान मिळालं नाही म्हणून पूजा पुढच्या वर्षावर ढकलू नका.

दिवस कोणता धरायचा

भिंतीवरच्या कॅलेंडरचं आश्विन महिन्याचं पान काढा. नवरात्राच्या शेवटी शेवटी बारीक अक्षरात सरस्वती आवाहन, सरस्वती पूजन, सरस्वती बलिदान आणि सरस्वती विसर्जन असं छापलेलं सापडेल. हे दिवस नक्षत्रावरून ठरतात. मूळ नक्षत्रावर आवाहन, पूर्वाषाढा नक्षत्रावर पूजन, उत्तराषाढा नक्षत्रावर बलिदान आणि श्रवणावर विसर्जन. नक्षत्र आणि तिथी दर वर्षी सारखी जुळत नाहीत, त्यामुळं दिवस थोडा मागंपुढं होतो. बलिदान शब्द वाचून एक मुलगा घाबरूनच विचारायला आला होता. घरी त्या दिवशी गोडाचा नैवेद्य दाखवायचा, बास.

चारही दिवस करणारी घरं आहेत. पण पहिल्यांदा करताना मी खंडेनवमी आणि दसरा एवढेच सुचवते. खंडेनवमीला संध्याकाळी पुस्तकं मांडून ठेवायची, दसऱ्याला सकाळी अंघोळ करून पूजा करायची आणि दुपारी उत्तरपूजा, म्हणजे निरोपाची पूजा. आपल्याकडं शाळांतून पाटीपूजन दसऱ्याच्या निमित्तानंच होतं, उद्यमनगरातल्या कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रांना हार चढतात, त्यामुळं हे दोन दिवस गावाच्या अंगवळणी पडलेले आहेत. तुमचं घरही त्यात सहज मिसळून जातं.

दसरा हुकला तर माघ शुद्ध पंचमी, म्हणजे वसंत पंचमी आहेच. बंगालात आणि उत्तरेकडं सरस्वतीची मोठी पूजा त्याच दिवशी असते. आपल्याकडं तो दिवस पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीच्या लग्नाचा म्हणून जास्त ओळखीचा, पण घरी सरस्वती मांडायला कुणाची ना नाही.

देवीची ओळख

कोल्हापुरात राहणाऱ्याला सरस्वती शोधायला लांब जावं लागत नाही. अंबाबाईच्या देवळात मुख्य गाभाऱ्याच्या एका बाजूला महाकाली आणि दुसऱ्या बाजूला महासरस्वती आहे. रोज देवळात जाणारी माणसंसुद्धा अंबाबाईचं दर्शन घेऊन वळतात आणि महासरस्वतीपुढं थांबायचं राहून जातं. लहान मूल बरोबर असेल तर त्याला तिथं दोन मिनिटं मुद्दाम उभं करा. नवरात्रात रांग फार असते, म्हणून घट बसायच्या आधीच एखाद्या सकाळी जाऊन या.

घरी पूजेसाठी आणाल ती तसबीर चार हातांची असते. दोन हातांत वीणा, एकात पोथी, एकात जपमाळ. नेसूचं पांढरं, बसायला पांढरं कमळ. वाहन कुठं हंस दिसेल, कुठं मोर. आपल्या महाराष्ट्रात मोरावरची सरस्वती फार आवडीची आहे. दोन्ही बरोबर आहेत, त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नका. शाडूची लहान मूर्ती हवी असेल तर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आधी चौकशी करून ठेवा, ऐनवेळी मिळेलच असं नाही.

सामान

महाद्वार रोडला पूजेच्या सामानाची दुकानं ओळीनं आहेत, एका फेरीत सगळं होतं. हळद, कुंकू, उदबत्ती, कापूर, फुलवाती, कापसाचं वस्त्र म्हणजे ती कुंकवाची बोटं लावलेली वस्त्रमाळ, दोन सुपाऱ्या, विड्याची पानं. गंधासाठी चंदनाचं खोड आणि सहाण घरात नसेल तर तयार अष्टगंध घ्या. निरांजन एक, समई असेल तर उत्तम. ताम्हण, तांब्या, पळी नसली तर स्टीलचं स्वच्छ ताट, पेला आणि चमचा घ्या. खोलीवरच्या मुलांना मी हेच सांगते, आणि चहाचा चमचा घेतलात तर आधी नीट घासून घ्या हेही सांगते.

अक्षता घरी करायच्या. मूठभर अख्खे तांदूळ निवडून घ्या, कणी नको. त्यावर पाण्याचे दोन थेंब आणि चिमूटभर कुंकू टाकून हलक्या हातानं चोळा आणि ताटात पसरून वाळू द्या. हे आदल्या रात्रीच करा. ओल्या अक्षता पुस्तकावर पडल्या की लाल डाग पडतो तो जात नाही.

फुलं पांढरी असावीत अशी रीत आहे. जाई, जुई, तगर, पांढरी शेवंती, जे मिळेल ते. दसऱ्याला सगळा बाजार झेंडूनं पिवळाधमक झालेला असतो, त्यामुळं झेंडू वाहिलात तरी देवी रागवत नाही. कपिलतीर्थ मंडईत फुलं घ्यायची तर सकाळी लवकर जा. आंब्याचा डहाळा, आपट्याची पानं त्याच फेरीत घ्या.

आणि दगडी पाटी. लाकडी चौकटीची, पेन्सिलीनं लिहायची. आता मुलं वहीवरच शिकतात, तरी शाळांच्या आसपासच्या स्टेशनरीच्या दुकानांत पाटी अजून मिळते. घरात लहान मूल असेल तर पाटी घ्याच. नसेल तरी घ्या, असं माझं मत आहे; का ते पुढं कळेल.

मांडणी

पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावं. आपली अंबाबाई पश्चिमेकडं तोंड करून उभी आहे, म्हणून तर किरणोत्सवात मावळतीची किरणं थेट तिच्यापर्यंत पोचतात. तिच्यासमोर हात जोडून उभं राहिलं की आपलं तोंड आपोआप पूर्वेला होतं. घरीही तसंच मांडा. खोली लहान असेल, खिडकी-दार आडवं येत असेल, तर जी भिंत मोकळी आहे ती धरा.

पाट पुसून घ्या, त्यावर पांढरं किंवा लाल स्वच्छ कापड घाला, पाटाभोवती रांगोळी काढा. मागच्या बाजूला तसबीर भिंतीला टेकवा. पुढं मधोमध पुस्तकं. उजव्या हाताला तांदळाची छोटी रास, तिच्यावर विड्याचं पान आणि सुपारी, हा गणपती. डाव्या हाताला पाणी भरलेला तांब्या.

पुस्तकं कोणती ठेवायची, यावर घरात चर्चा होते. कपाटातली सगळी काढून ढीग करू नका. ज्यानं-त्यानं आपलं एक ठेवावं. मी वर्गात मुलांना सांगायचे, जो विषय सगळ्यात अवघड जातो त्याचं पुस्तक सगळ्यात वर ठेवा. निम्म्या वर्गाचं गणित वर यायचं. पोथी असेल तर ती, शब्दकोश असेल तर तो, आजोबांच्या हातची जमाखर्चाची वही असेल तर तीही ठेवा. गाणाऱ्याच्या घरी तानपुरा, पेटी, तबला. चित्र काढणाऱ्याच्या घरी कुंचले. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी आपली कात्री आणि मापाची टेप ठेवावी. हे अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्याचं आणि बाबूराव पेंटरांच्या रंगांचं गाव आहे. इथं विद्या म्हणजे फक्त पाठ्यपुस्तक असं कुणी समजू नये.

लॅपटॉप, मोबाइल ठेवावा का? ज्यावर अभ्यास होतो तो ठेवा. बंद करून, चार्जरची वायर काढून, आणि पाण्याच्या तांब्यापासून लांब.

दिव्याची जागा नीट ठरवा. हे मी जरा जोरात सांगते, कारण माझ्या हातून चूक झालेली आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला मी समई पुस्तकांना अगदी लागून ठेवली. वात पुढं सारायला गेले, हाताचा धक्का लागला आणि तेल थेट वाचनालयातून आणलेल्या पुस्तकावर. शंभरेक पानं तेलकट झाली, अक्षरं मागून पुढं दिसायला लागली. पुस्तक भरून दिलं, पण ते पान उलटताना बोटांना लागलेलं तेल मला अजून आठवतं. तेव्हापासून दिवा पाटावर नाही, पाटाच्या शेजारी जमिनीवर, खाली ताटली, आणि पुस्तकापासून हातभर लांब. पंखा बंद. पडदा बांधून ठेवलेला. आणि पूजा झाल्यावर दिवा तेवत ठेवून खोलीला कुलूप लावून बाहेर जायचं नाही.

पाटीवर एक

आता पाटी. शाळेत दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मधल्या सुट्टीनंतर दुसरं काही शिकवायचे नाही. सगळा वर्ग पाटी धुवायला नळावर. कोळसा आणि पाण्यानं घासून काळीभोर केलेली पाटी उन्हात उभी करायची, पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. ओलसर पाटीवर पेन्सिल फिरवली की रेघ धड उमटत नाही आणि मूल उगाच जोर देतं, पेन्सिल मोडते.

वाळलेल्या पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात. मराठी एक कसा असतो? वर गोल गाठ, खाली लांब शेपटी. असे एक शेजारी शेजारी काढायचे, काही डावीकडं कललेले, काही उजवीकडं. त्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदून जातात आणि मधे त्रिकोणांची जाळी तयार होते. वरच्या गाठी सुट्या राहतात, त्या मोराच्या पिसाऱ्यावरच्या डोळ्यांसारख्या दिसतात. किती एक काढायचे, किती ओळी करायच्या, हे घरोघरी निराळं असतं. तुमच्या आईनं, आत्यानं काढलेली आठवत असेल तर तशीच काढा. आठवत नसेल तर आजच फोन करून विचारा. ती आकृती कागदावर काढून फोटो पाठवेल, आणि बरोबर दोन गोष्टी तिच्या शाळेच्याही सांगेल.

काढून झाली की गाठीगाठीवर करंगळीशेजारच्या बोटानं हळद आणि कुंकू टेकवायचं. काळ्या पाटीवर पांढरी रेघ, त्यावर पिवळा आणि लाल ठिपका. एका वर्षी वर्गातल्या एका डावखुऱ्या मुलीनं सगळे एक उलटे काढले, गाठी उजवीकडून डावीकडं वळलेल्या. शेजारची मुलं हसायला लागली तशी ती पुसायला निघाली. मी तिचा हात धरला आणि तीच पाटी वर्गाच्या पूजेत मधोमध ठेवली. तिची रेघ सगळ्यांत सरळ होती.

म्हणून मोठ्यांनीही पाटी घ्यावी म्हणते. तसबीर विकत मिळते, ही सरस्वती आपल्या हातानं काढावी लागते.

पूजा, एकेक करून

सोळा उपचारांची षोडशोपचार पूजा असते. नवख्यानं पंचोपचार करावेत: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. अर्ध्या तासात निवांत होते.

आसनावर बसा. पळीनं उजव्या तळहातावर पाणी घेऊन तीनदा प्या, केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः म्हणत. चौथ्यांदा गोविंदाय नमः म्हणून पाणी ताम्हणात सोडा. हे आचमन. मग दिवा लावा, दिव्याला हळद-कुंकू, फूल वाहून नमस्कार करा.

आता संकल्प. संस्कृत येत नसेल तर मराठीत म्हणा, देवीला मराठी कळतं. तळहातावर पाणी आणि अक्षता घेऊन आपलं नाव, गाव, आजची तिथी सांगा आणि पूजा कशासाठी करता ते सांगा. इथं घाई करू नका. "चांगले मार्क पडू देत" म्हणालात तरी चालेल, पण कशाचा अभ्यास नीट करायचा आहे हे नाव घेऊन म्हणालात तर जास्त बरं. बोलून झालं की पाणी ताम्हणात सोडायचं.

पहिला मान गणपतीचा. सुपारीवर पळीभर पाणी फिरवा, गंध-अक्षता-फूल वाहा, गुळाचा खडा ठेवा.

मग हात जोडून सरस्वतीचं ध्यान करा. हा श्लोक बहुतेकांनी शाळेत ऐकलेला असतो:

या कुन्देन्दुतुषारहारधवला या शुभ्रवस्त्रावृता
या वीणावरदण्डमण्डितकरा या श्वेतपद्मासना ।
या ब्रह्माच्युतशङ्करप्रभृतिभिर्देवैः सदा वन्दिता
सा मां पातु सरस्वती भगवती निःशेषजाड्यापहा ॥

कुंदाचं फूल, चंद्र, हिम आणि मोत्यांचा हार यांसारखी जी पांढरीशुभ्र, जिच्या हातात वीणा, जी पांढऱ्या कमळावर बसलेली, ब्रह्मा-विष्णू-महेशही जिला वंदन करतात, ती सरस्वती माझं रक्षण करो. शेवटच्या शब्दाकडं लक्ष द्या: निःशेषजाड्यापहा. जाड्य म्हणजे बुद्धीचा जडपणा, आळस, पुस्तक उघडलं की येणारी ती जांभई. ते सगळं, काहीही बाकी न ठेवता, दूर करणारी. मुलांना मी हा एकच शब्द आधी पाठ करायला लावायचे.

श्लोक जड वाटला तर "ॐ ऐं सरस्वत्यै नमः" एवढं अकरा वेळा म्हणा. ऐं हा सरस्वतीचा बीजमंत्र.

"आम्हाला मंत्र म्हणायचा अधिकार आहे का?" असं अजून कुणी कुणी दबक्या आवाजात विचारतं. वेदोक्त प्रकरण याच गावात, पंचगंगेच्या काठी, १८९९ साली उभं राहिलं. खुद्द छत्रपती शाहू महाराजांना वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र नाकारले गेले. त्याच शाहू महाराजांनी पुढं जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या गावात बसून विद्येच्या देवीपुढं कुणी अधिकाराची शंका काढावी, हे मला सहन होत नाही. जो शिकतो तो पूजा करतो. मुलींनीही करावी, आणि पाळी आली म्हणून एखादीनं आपल्या पुस्तकाला फूल वाहू नये असं मी माझ्या वर्गात कधी म्हटलं नाही, घरातही म्हणत नाही.

ध्यान झालं की अक्षता वाहून देवीला बोलवा. मूर्ती धातूची असेल तर ताम्हणात घेऊन स्नान घाला. तसबीर आणि पुस्तकं असतील तर फूल पाण्यात बुडवून, झटकून, नुसतं त्यांच्यावरून फिरवायचं. थेंब पडता कामा नये.

मग गंध. उगाळलेलं गंध पातळ असतं, ते पुस्तकाच्या कापडी किंवा कागदी पुठ्ठ्यात मुरतं. म्हणून आम्ही प्रत्येक पुस्तकावर चार बोटं रुंदीची कोऱ्या कागदाची पट्टी ठेवतो आणि गंध, हळद, कुंकू त्या पट्टीवर लावतो. पूजा झाल्यावर पट्टी त्याच पुस्तकात खूण म्हणून राहते. माझ्याकडं मुलाच्या सातवीच्या पुस्तकातली अशी एक पट्टी आहे, कुंकू विटून तपकिरी झालंय. पाटीवर मात्र थेट लावा, ती धुता येते.

वस्त्रमाळ घाला, फुलं वाहा. घरातल्या प्रत्येकानं आपापल्या पुस्तकावर फूल ठेवावं, लहानानं आधी. उदबत्ती ओवाळा, मग निरांजन ओवाळा, डाव्या हातानं घंटा वाजवत.

नैवेद्य

पाटापुढं पाण्यानं चौकोन काढून त्यावर नैवेद्याची वाटी ठेवा, तिच्याभोवती पाणी फिरवा आणि डोळे मिटून देवीला जेवायला सांगा. दसऱ्याला घरात पुरणपोळी असतेच, तीच दाखवा, कटाच्या आमटीचा उग्र वास बाजूला ठेवून. एरवी दूध-साखर, केशरी शिरा किंवा तांदळाची खीर. खोलीवर गॅस नसेल तर केळं आणि गुळाचा खडा. कोल्हापूरच्या गुळापेक्षा गोड आणखी काय द्यायचं?

मटणाचं विचारतात, कोल्हापूर आहे. आमच्या घरची पद्धत सांगते: पुस्तकं पाटावर असेपर्यंत तांबडा-पांढरा नाही. उत्तरपूजा झाली, पाट उचलला, की पुढचं ज्याचं त्यानं ठरवावं.

मग आरती. आधी गणपतीची, मग देवीची, घरात ज्या म्हणतात त्या. मंत्रपुष्पांजली येत असेल तर म्हणा. स्वतःभोवती प्रदक्षिणा घाला, नमस्कार करा. शेवटी "आवाहनं न जानामि न जानामि तवार्चनम्" एवढं म्हणा: मला बोलवता येत नाही, मला तुझी पूजा येत नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे. पहिल्यांदा पूजा करणाऱ्यासाठी हे वाक्य जणू नेमकं लिहिलेलं आहे.

लहान मुलाचा ओनामा

घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर याच वेळी त्याचा अक्षरारंभ करा. ताटात तांदूळ पसरा. मूल आजीच्या किंवा आजोबांच्या मांडीवर बसवा, त्याची तर्जनी धरून तांदळात "श्री" काढा. पूर्वी "ॐ नमः सिद्धम्" लिहून सुरुवात करायचे, त्यावरूनच ओनामा हा शब्द आपल्या बोलण्यात राहिला. मूल रडलं तर सोडून द्या, तांदळाशी खेळू द्या. थोड्या वेळानं ते आपणच बोट फिरवतं. ते तांदूळ टाकू नका, दुसऱ्या दिवशी खिरीत घाला.

मधला वेळ आणि उत्तरपूजा

पुस्तकं पाटावर असेपर्यंत वाचायची नाहीत, लिहायचं नाही, अशी जुनी रीत आहे. तो अनध्याय. लहान मुलांना याचा फार आनंद होतो, होऊ दे. पण परीक्षा तोंडावर असलेल्या मुलांनी स्वतःला कोंडीत पकडू नये. पूजेला एकच पुस्तक ठेवा आणि बाकीच्या पुस्तकांचा अभ्यास चालू ठेवा.

उत्तरपूजा दसऱ्याला दुपारी चारच्या आत उरका. त्यानंतर सगळं गाव दसरा चौकाकडं निघतं, वाहनं अडवलेली असतात, पालख्या येतात, शमीपूजन होऊन सोनं लुटलं जातं, आणि घरी परतायला रात्र होते. उत्तरपूजेत गंध, फूल, अक्षता पुन्हा एकदा वाहायच्या, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवायचा, "पुनरागमनाय च" म्हणत पाट किंचित हलवायचा. म्हणजे पुन्हा ये. आपट्याची दोन पानं पुस्तकावर ठेवा, पहिलं सोनं देवीला. मग बाहेर पडा. चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याच्या आसपास जुनी बोर्डिंगं दिसतील, ती मुलाला दाखवा आणि तिथं कोण राहून शिकायचं ते सांगा.

तसबीर भिंतीवर परत जाईल. निर्माल्य पंचगंगेत टाकू नका, फुलं कुंडीत मातीखाली पुरा. शाडूची मूर्ती असेल तर बादलीत विरघळवून ती मातीही कुंडीलाच घाला. गणपतीची सुपारी पुढच्या वर्षाला डबीत ठेवली तरी चालते.

पुस्तकं पाटावरून उचलली की तशीच कपाटात घालू नका. आधी पाठीच्या शिवणीत अडकलेल्या अक्षता झटकून काढा, नाही तर मुंग्या येतात. मग ज्यानं-त्यानं आपलं पुस्तक उघडून एक पान मोठ्यानं वाचायचं. आमच्याकडं सुरुवात सगळ्यात धाकट्यापासून होते. तो अडखळला तर कुणी मधे सांगायचं नाही, त्याला वाचून पुरं करू द्यायचं.

पाटी मात्र त्या रात्री पुसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरड्या फडक्यानं आधी हळद-कुंकू टिपून घ्या, मग ओल्या फडक्यानं पुसा आणि खिडकीत वाळत ठेवा. शाळेत जायच्या आधी मुलाला तिच्यावर स्वतःचं नाव लिहू दे.